पाठ असलेली परीकथा मूल ‘वाचतं’, ते वाचन धरायचं का?

वेलांटी

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय ते इथे मांडते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. अक्षरओळख झाली आहे, बाराखडी येते, जोडाक्षरांपाशी अडखळते. नवं पुस्तक समोर ठेवलं की दोन ओळींतच मान वळवते. पण लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट हातात दिली की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घडाघडा ‘वाचते’. पानसुद्धा अगदी योग्य जागी उलटते. मी ती गोष्ट तिला इतक्या वेळा वाचून दाखवली आहे की तिला ती तोंडपाठ झाली आहे, इतकंच. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असं की हे वाचन नव्हे, पाठांतर आहे. ते पुस्तक काही दिवस वर ठेवून दे. मला ते तिच्या हातातून काढून घेणं जिवावर येतं.

दुसरी गोष्ट तात्पर्याची. पुस्तकाच्या शेवटी चौकटीत छापलंय, ‘तात्पर्य : अनोळखी माणसांशी बोलू नये.’ ही ते वाचतच नाही, पुस्तक मिटून मोकळी होते. एकदा मी मुद्दाम वाचून दाखवलं, तर म्हणाली, “पण लांडगा माणूस नाहीये.” मला काय बोलावं ते सुचेना.

परीकथांमधून वाचनही यावं आणि चार गोष्टी कळाव्यात असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. ते नेमकं कसं होतं? ज्यांनी मुलांबरोबर हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खडूफळा

वेलांटीताई, पुस्तक अजिबात वर ठेवू नका. मी पहिली-दुसरीचे वर्ग एकतीस वर्षं घेतले. पाठ असलेली गोष्ट ही वाचनाची पहिली पायरी असते, असं मी अनुभवानं सांगते. फक्त त्या पायरीवर मूल उभंच राहणार नाही एवढं आपण बघायचं.

पुढच्या वेळी तिच्या शेजारी बसा (समोर नको, तिला आणि तुम्हाला पान एकाच बाजूनं दिसलं पाहिजे) आणि तिला शब्दाशब्दाखाली बोट ठेवायला सांगा. एवढंच. दुरुस्त काही करू नका.

माझ्या वर्गातला एक मुलगा सांगते. तीन डुकरांची गोष्ट त्याला पाठ. पुस्तकात होतं, ‘लांडग्याने दार ठोठावले.’ हा आपल्या आठवणीतून म्हणाला, “लांडग्याने दार वाजवलं.” बोट ‘ठोठावले’वर होतं. तो थांबला. वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, इथे वा पहिला नाहीये.” त्या क्षणी तो मुलगा वाचायला लागला. तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द जुळत नाही हे ज्याला स्वतःहून कळलं, त्याच्या मागे आपल्याला फार लागावं लागत नाही. आणि ते कळायला कागदावर काय असायला हवं ते आधी डोक्यात पक्कं असावं लागतं. अनोळखी मजकुरात ते कुठून येणार? म्हणून पाठ गोष्ट लागते.

कधीकधी असंही होतं की वाक्य म्हणून संपतं आणि पानावर दोन शब्द शिल्लक राहतात. किंवा उलट, शब्द संपतात आणि बोलणं उरतं. मूल चक्रावतं. चक्रावू द्या. ते परत ओळीच्या सुरुवातीला जाईल.

परीकथाच का, तर त्यांचं पालुपद. ‘फुंकेन, फुंकेन आणि तुझं घर पाडून टाकेन’ हे गोष्टीत पुन्हापुन्हा येतं. पहिल्यांदा तुम्ही वाचा, दुसऱ्यांदा दोघी मिळून वाचा, तिसऱ्यांदा फक्त बोट पुढे न्या आणि गप्प राहा. ‘आजी, तुझे कान केवढे मोठे!’ मध्येही तेच. चौकट तीच, एकच शब्द बदलतो: कान, डोळे, हात, दात. बदलणारा शब्द तेवढा वाचायचा, बाकी वाक्य हात धरून नेतं. नवशिक्याला याहून सोपा पाठ मुद्दाम रचूनही मिळायचा नाही.

तीन अस्वलांची गोष्ट इंग्रज कवी रॉबर्ट साउदी यांनी १८३७ मध्ये छापली, तेव्हा मोठ्या अस्वलाचं बोलणं मोठ्या टायपात, मधल्याचं मध्यम आणि पिल्लाचं अगदी बारीक टायपात होतं. अक्षर न येणारं मूलही तिथे आवाज ‘वाचतं’. मी फळ्यावर हे कायम करायचे. ‘माझ्या खुर्चीवर कोण बसलं होतं?’ तीनदा, तीन आकारांत. मुलं कुजबुजत वाचायची तो तिसरा आवाज मला अजून आठवतो.

रोखठोक

बाईंच्या अनुभवाचा आदर आहे, पण मला इथे दुसरी बाजू मांडावीशी वाटते. माझा मुलगा पाठ गोष्टींवरच वाढला आणि त्याला अंदाजानं वाचायची सवय लागली. पहिलं अक्षर बघायचं, चित्र बघायचं आणि ठोकून द्यायचं. ‘राजवाडा’ला ‘राजपुत्र’, ‘जंगलात’ला ‘जंगल’. दुसरीत गेल्यावर पुस्तकांतली चित्रं कमी झाली आणि तो एकदम उघडा पडला. ती सवय मोडायला आम्हाला वर्ष लागलं. रोज बाराखडी, मग दोन अक्षरी शब्द, मग तीन अक्षरी, असं पुन्हा पहिल्यापासून केलं. त्या वर्षात त्याला पुस्तकाचा जो राग आला होता तो मी विसरू शकत नाही. म्हणून म्हणतो, अक्षरं आधी पक्की करा, गोष्टी ऐकायला ठेवा.

खडूफळा

रोखठोक, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे आणि मी ते वर लिहायला हवं होतं. गोष्ट बाराखडीची जागा घेत नाही. आपल्या लिपीत नजरेला आणि तोंडाला उलटसुलट धावावं लागतं. ‘किल्ला’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडाला ती क नंतर म्हणायची असते. ‘दर्पण’मधला रफार प च्या डोक्यावर बसतो आणि उच्चार प च्या आधी. हे ज्याचं त्याला सुटं शिकवावंच लागतं, गोष्ट ऐकून येत नाही. रोज थोडा वेळ त्यासाठी वेगळा काढायचा.

पण अंदाजाच्या सवयीवर उपाय गोष्टीतच आहे. मुलाला पाठ असलेलं एक वाक्य घ्या, मोठ्या अक्षरात कागदावर लिहा, शब्द कापून चिठ्ठ्या करा आणि क्रम मोडून मांडा. ‘आजीच्या’, ‘लांडगा’, ‘घरी’, ‘पोहोचला’. चित्र नाही, क्रम नाही. आता वाक्य जुळवायचं तर प्रत्येक चिठ्ठी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावीच लागते. ‘आजीला’, ‘आजीने’ अशा फसव्या चिठ्ठ्याही मध्ये टाका. ‘जंगलात’ला ‘जंगल’ म्हणणारा मुलगा तिथे आपोआप शेवटाकडे बघायला लागतो.

कापूसकोंडा

वाचतो आहे, फार उपयोगी चर्चा. एक अडचण विचारायची आहे. पुस्तकात असतं ‘घर मोठे होते’, माझी मुलगी वाचते ‘घर मोठं होतं’. पुस्तकात ‘तिने’, ही ‘तिनं’. हे चुकीचं धरून थांबवायचं का?

खडूफळा

नाही, नाही! ती अर्थ समजून वाचते आहे याची ती खूण आहे. छापलेली मराठी आणि बोललेली मराठी यांतलं अंतर ती स्वतः पार करते आहे. वर्षभरानं कधीतरी सहज दाखवा की बघ, इथे मात्रा आहे आणि आपण अनुस्वारासारखं म्हणतो. आत्ता थांबवलंत तर ती पुढच्या प्रत्येक शब्दाला तुमच्या तोंडाकडे बघेल.

यावरून आठवलं. लांडगा, पण लांडग्याने. आरसा, पण आरशात. ससा, सशाला. डुक्कर, पण डुकराने. तिथे तर जोडाक्षरच गायब होतं. कागदावर मुलाला हे वेगवेगळेच शब्द वाटतात. ज्यानं ‘आरशा, आरशा, सांग मला’ शंभर वेळा ऐकलंय त्याला आरसा आणि आरशा एकच हे कानानं ठाऊक असतं. ज्यानं गोष्टी ऐकलेल्याच नाहीत ते मूल अक्षर न् अक्षर बरोबर वाचूनही ‘आरशा म्हणजे काय?’ विचारतं. व्याकरणाचा शब्दही न उच्चारता हे येतं ते ऐकण्यातून.

अबोली

वाचनाचं छान चाललंय, मी दुसऱ्या मुद्द्याकडे वळते. या गोष्टी मूळच्या रूपात द्यायच्या की सौम्य करून? मला लांडग्यानं आजीला गिळलेलं वाचवत नाही. मी आजी कपाटात लपली होती असं सांगते. ते योग्य का अयोग्य, मला खरंच ठरवता येत नाही.

उत्तररात्र

अबोली, ‘मूळ रूप’ असं एक नाहीच. लाल टोपीवालीची गोष्ट फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये छापली, तिच्यात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. कोणी वाचवायला येत नाही. खाली पद्यात उपदेश आहे. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी येऊन लांडग्याचं पोट कापतो आणि दोघी जिवंत बाहेर निघतात. ग्रिम बंधूंनीही पुढे १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत गोष्टींवरून हात फिरवला. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई १८१२ मध्ये तिची सख्खी आई आहे, १८१९ पासून ती सावत्र होते. हॅन्सेल आणि ग्रेटेल या चेटकिणीच्या तावडीत सापडलेल्या भावंडांच्या गोष्टीतही पुढे तसंच झालं. आणि बाईंनी वर लिहिलेल्या साउदींच्या तीन अस्वलांत सोनेरी केसांची मुलगी नाहीच, एक म्हातारी आहे. मुलगी नंतर आली.

म्हणजे सांगणाऱ्यानं गोष्ट बदलण्यात पाप काही नाही. पण माझं मत असं की भीती काढली की सुटकाही जाते. आजी कपाटात असेल तर शिकाऱ्याची वाट कोण बघेल? मूल त्या पानावर तुमच्या कुशीत सरकतं, श्वास रोखतं आणि पुढच्या पानावर सोडतं. हे सगळं घडतं ते तुमच्या हाताच्या अंतरावर. ज्या मुलाला खरोखर झोप लागत नाही त्याच्यासाठी अर्थातच थांबावं, आणि ते मूल स्वतःच ‘हे पान नको’ म्हणतं. तेवढं ऐकावं.

मोठ्या मुलांना दोन्ही शेवट वाचून दाखवा आणि कोणता बरा ते त्यांनाच विचारा. माझ्या भाच्यानं पेरोंचा शेवट ऐकून बराच वेळ काही बोलणंच टाकलं होतं, मग म्हणाला, “ही अर्धीच आहे.”

दुसरी_आई

मी इथे फारशी लिहीत नाही. हिमगौरीची आई सावत्र कधी झाली हे वाचून लिहावंसं वाटलं.

मी सावत्र आई आहे. मुलगी माझ्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या पुस्तकांत सिंड्रेला होती आणि मी त्या पुस्तकाला पहिले काही महिने हातच लावत नव्हते. मग एके रात्री तिनंच ते आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. ‘सावत्र आई’ हा शब्द आला तेव्हा माझा आवाज बदलला असणार. ती गोष्टभर माझ्याकडे न बघता चित्राकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलं, “तिचे बाबा कुठे होते?”

मी म्हटलं, घरातच असतील.

“मग ते काही का बोलले नाहीत?”

मी नंतर मुद्दाम शोधून वाचलं. पेरोंच्या आणि ग्रिमांच्या, दोन्ही गोष्टींत वडील जिवंत आहेत आणि गप्प आहेत. एवढी वर्षं गोष्ट माहीत असून मला हा प्रश्न पडला नव्हता. त्या पुस्तकाच्या मागेही तात्पर्य होतं, चांगल्या माणसाचं नेहमी चांगलंच होतं असं काहीसं. त्या रात्री आम्ही दोघी आणि तिचे बाबा जे बोललो ते त्या चौकटीत मावणारं नव्हतं. मी तात्पर्य वाचून दाखवलं असतं तर तिनं तो प्रश्न विचारला असता असं मला वाटत नाही.

अबोली

दुसरी_आई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आजी आज कपाटातून बाहेर काढते.

रोखठोक

वरचा प्रतिसाद माझ्याही मनात राहील. पण एक शंका उरतेच. तात्पर्य सांगितलं नाही आणि मुलानं भलतंच काही घेतलं तर? राजकुमार येईल म्हणून वाट बघायची, किंवा दिसायला चांगलं तेच चांगलं, असंही घेता येतंच की.

उत्तररात्र

येतं. म्हणून गोष्ट वाचून मुलाला एकटं सोडायचं नाही, बोलायचं. फक्त निष्कर्षाआधी बोलायचं.

टोरंटो विद्यापीठातल्या कांग ली आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा एक प्रयोग मला फार विचारात पाडणारा वाटला. तीन ते सात वर्षांची मुलं. खेळण्याचा आवाज ऐकून ते कोणतं ते ओळखायचं, वळून बघायचं नाही असं सांगून मोठं माणूस बाहेर जातं. बरीच मुलं बघतात. मग त्यांना एक गोष्ट वाचून दाखवतात आणि विचारतात, बघितलंस का? खोटं बोललं की नाक लांब होणारा पिनोकिओ आणि ‘लांडगा आला रे आला’ ऐकलेली मुलं इतर मुलांपेक्षा जास्त खरं बोलली नाहीत. खरं बोलली ती लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टननं चेरीचं झाड तोडल्याची गोष्ट ऐकलेली मुलं, ज्यात त्यानं खरं सांगितलं म्हणून वडील कौतुक करतात. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला तेव्हा परिणाम गेला.

मी यातून माझ्यापुरतं एवढं घेतलं की लांडग्यानं खाल्लं ही धमकी मुलाच्या लक्षात राहते, पण ‘मग मी काय करू?’ याचं उत्तर त्यात नसतं. गोष्टीतलं कोणी काय बरोबर केलं ते शोधायला मुलाला मदत करावी. ग्रेटेलनं काय केलं? भट्टीत कसं डोकावायचं ते मला येत नाही, तूच दाखव, असं चेटकिणीला म्हणाली आणि चेटकीण वाकताच तिला आत ढकललं. लहान, घाबरलेली, रडलेली मुलगी डोकं शांत ठेवून हे बोलते. तिथे थांबून ‘तिला हे कसं सुचलं असेल?’ एवढं विचारलं की पुरे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असंच वाचायला शिकवलं होतं: हो-नाहीचे प्रश्न कमी, ‘काय’, ‘कसं’ जास्त, आणि मूल बोललं की त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत द्यायचं. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं पुढे गेलेलं दिसलं. मूल म्हणालं ‘लांडगा झोपला’, आपण म्हणायचं ‘हो, लांडगा आजीची टोपी घालून झोपला’. किती साधी गोष्ट आहे.

कापूसकोंडा

‘निष्कर्षाआधी बोलायचं’ हे लिहून ठेवलं.

वेलांटी

तीन आठवड्यांनी परत आले आहे. सगळ्यांचे आभार, खडूफळाबाईंचे विशेष.

बोट ठेवायला सांगितलं. पहिल्या दिवशी तिला आवडलं नाही, बोटामुळे वेग जातो म्हणाली. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘टोपली’ म्हणाली आणि पुस्तकात ‘परडी’ होतं. थांबली. प-र-डी असं जुळवलं, मग विचारलं, परडी म्हणजे टोपलीच ना? मी फक्त हो म्हटलं. उठून नाचावंसं वाटत होतं. रोखठोक यांच्या सांगण्यावरून संध्याकाळी थोडा वेळ जोडाक्षरंही वेगळी घेते आहे, आणि चिठ्ठ्यांचा खेळ आता तिचा झाला आहे. काल तिनं मला फसव्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. ‘लांडग्याला’मधला ग्य तिनं ग आणि य सुटे लिहिला होता, तरी मला वाचता आलं.

तात्पर्याची चौकट मी वाचली नाही. त्याऐवजी जंगलात लांडगा भेटतो त्या पानावर थांबले आणि विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस? मला वाटलं होतं ‘बोलले नसते’ म्हणेल. ती पान निरखत राहिली आणि म्हणाली, “बोलले असते. पण आजीचं घर कुठे आहे ते सांगितलं नसतं.”

छापलेल्या तात्पर्यापेक्षा हे मला किती तरी नेमकं वाटलं. त्या मुलीनं चूक केली असेल तर ती हीच.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. रात्री दिवा घालवल्यावर अंधारात विचारते, “आणि त्यानं परत परत विचारलं तर? लांडग्याला खोटं सांगितलेलं चालतं का?” मी म्हटलं, उद्या बोलू. ग्रेटेलही चेटकिणीशी खोटंच बोलली होती, हे मला तेव्हा आठवलं नाही. उद्या तीच गोष्ट काढू म्हणते. तुम्ही काय सांगितलं असतंत?

खडूफळा

काढा. भट्टीच्या पानावर थांबा आणि तिचाच प्रश्न तिला परत विचारा. काय म्हणाली ते इथे नक्की लिहा, वाट बघते.